सोडलेल्या जागा

ऑस्टिन रुमाव जाऊन आठ-नऊ महिने झाले असतील. मी दुपारी जेवत होतो आणि रेकॉर्ड कंपनीतल्या एका गोड आवाजाच्या बाईंचा फोन आला. म्हणाल्या, "रेगे सर, ऑस्टिन सरांबरोबर एक नवीन अल्बम कराल का?" मी नेमका सोलकढीचा घोट घेतला होता. तो नाकातून आला.

"बाई," मी ठसका आवरत म्हटलं, "त्याच्या शवपेटीला मी खांदा दिलाय. तुम्हाला कळवायचं राहून गेलं का कोणाचं?"

"कल्पना आहे सर. श्रद्धांजलीचाच अल्बम आहे. फक्त यात पियानो स्वतः ऑस्टिन सर वाजवणार आहेत."

ही भानगड काय ते सांगण्याआधी आम्ही कोण ते सांगतो, कारण आम्हाला ओळखणारे लोक एका टेम्पोत मावतील. ऑस्टिन पियानोवर, शमू मणेर ड्रम्सवर आणि मी, अच्युत रेगे, डबल बासवर. डबल बास म्हणजे ते कपाटाएवढं व्हायोलिन. ते वाजत होतं हे ते थांबल्यावरच लोकांच्या लक्षात येतं. आम्ही तिघं तीसेक वर्षं जाझ वाजवत होतो आणि तीसेक वर्षं माझी मावशी विचारत होती, "म्हणजे हॉटेलात लोक जेवत असताना वाजवतात तेच ना?" हो मावशी, तेच.

शमू मिरजेचा. घरात पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे बनवायचा धंदा, आणि हा दिवटा ड्रम्स बडवायला मुंबईत पळून आलेला. ऑस्टिन वसईकडचा, निर्मळचा. चर्चच्या ऑर्गनवर शिकला. त्याने बांधलेल्या चालींची नावंही तिकडचीच: वाळवलेल्या केळ्यांवरून 'सुकेळी', खाडीतल्या बेटावरून 'पाणजू', आणि 'वाडीतलं पाणी'.

आपल्याकडे गाण्यात 'जागा घेणं' म्हणतात. गायकाने एखादी अवघड, सुरेख जागा घेतली की ऐकणारा 'वा!' करतो. ऑस्टिनचं सगळं उफराटं. तो जागा सोडायचा. चाल रंगात आलीय, आता हा काहीतरी जबरदस्त वाजवणार म्हणून लोक खुर्चीत पुढे सरसावलेत, आणि हा पठ्ठ्या उजवा हात उचलून मांडीवर ठेवायचा. चार मात्रा, आठ मात्रा, काही नाही. त्या मोकळ्या जागेत माझा बास ऐकू यायचा. लोक दचकून माझ्याकडे बघायचे. अरेच्चा, हाही आहे की!

मी मोठा वादक नाही. खोटी नम्रता नाही ही, खरंच नाही. पण त्या जागा तो माझ्यासाठी सोडतोय, ही एक गोष्ट मला पक्की ठाऊक होती, आणि तेवढ्या एका गोष्टीवर मी ताठ मानेनं जगत होतो.

मग ऑस्टिनला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली. पियानोवाल्याचा उजवा हात गेला म्हणजे काय झालं ते मी वेगळं सांगायला नको. आम्ही त्याला भेटायला जायचो आणि हवापाण्याच्या गप्पा मारून परत यायचो. दोन वर्षं अशी गेली. मग पुण्याच्या एका संस्थेत डॉ. सायली वर्टी नावाच्या तरुण बाईंनी त्याच्या मेंदूवर जाळी बसवली.

मला जसं समजलं तसं सांगतो. हात हलायच्या आधी मेंदूत त्या हालचालीची तयारी होते. हात लुळा पडला तरी तयारी करणारा भाग पुष्कळदा शाबूत असतो. तो आपला इमानेइतबारे हुकूम सोडत राहतो, फक्त ते हुकूम हातापर्यंत पोचत नाहीत. कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ अशी एक जाळी त्या भागावर पसरली की ते हुकूम वाचता येतात. ते बिनतारी पियानोकडे पाठवायचे. पियानोच्या पट्ट्यांखाली छोटे विद्युतचुंबक बसवलेले असतात, ते पट्टी खाली ओढतात आणि सूर वाजतो. बोट लावायची गरजच नाही.

पण मेंदू एका वेळी एकच हालचाल तयार करत नाही. दहा तयार ठेवतो आणि नऊ थांबवतो. म्हणून मध्ये एक फाटक लागतं. हुकूम अमुक इतका जोरदार असेल तरच त्याला आत सोडायचं, बाकीचे बाहेर उभे. हे फाटक किती उंच ठेवायचं, ते माणसागणिक ठरवावं लागतं.

पहिल्या दिवशी ते फार खाली ठेवलं गेलं होतं. ऑस्टिन पियानोसमोर बसला आणि पियानोने जो काही दंगा केला, विचारू नका! त्याच्या मनात जे जे आलं ते ते सगळं वाजत सुटलं. "अगं बाई, बंद कर," तो हसून हसून बेजार झाला, "हे तर माझ्या मनातल्या शिव्यासुद्धा वाजवतंय!" मग डॉक्टरबाई फाटक हळूहळू वर नेत गेल्या. गर्दी कमी झाली, चाल ओळखू यायला लागली. आणि एका क्षणी ऑस्टिन नेहमीसारखा थांबला आणि पियानोही थांबला. खोलीत शांतता झाली. सूर परत आले तेव्हा हसणारा तो माणूस ती शांतता ऐकून ढसाढसा रडला.

पुढची काही वर्षं आम्ही पुन्हा वाजवलं. डावा हात त्याचा स्वतःचा, उजवा जाळीचा. ऐकणाऱ्याला फरक कळत नसे. मग एका हिवाळ्यात त्याला दुसरा झटका आला आणि तो गेला.

आता कंपनीच्या बाई काय म्हणत होत्या ते कळेल. जाळीने सगळं नोंदवून ठेवलं होतं. फाटकातून आत गेलेलं तर होतंच, बाहेर अडवलेलंही होतं. ते आजवर कोणीच ऐकलेलं नव्हतं. फाटक जरा खाली घेतलं की ऑस्टिनने न वाजवलेला ऑस्टिन ऐकू येणार होता.

मी आणि शमू पुण्याला गेलो. डॉ. वर्टींच्या प्रयोगशाळेत त्याचा तो विद्युतचुंबकांचा पियानो होता. समोरचं स्टूल रिकामं. बाईंनी जाळी बसल्यानंतरच्या आमच्या एका जुन्या मैफलीतलं 'पाणजू' निवडलं होतं.

"बास आणि ड्रम्स?" मी विचारलं.

"ते ध्वनिमुद्रण कंपनीकडे आहे, सर. आमच्याकडे फक्त मेंदूची आणि पट्ट्यांची नोंद असते. त्यामुळे पियानो एकटाच ऐकू येईल."

पट्ट्या आपोआप खाली-वर व्हायला लागल्या. ऑस्टिनच होता. तेच रेंगाळणं, तोच डाव्या हाताचा जडपणा. शमूने माझा दंड घट्ट धरला. चाल पुढे सरकली, ती पहिली जागा जवळ आली. इथे तो थांबायचा. इथे मी वाजवायचो.

पियानो थांबला नाही. वरच्या पट्टीत सुरांची एक ओळ उमटली. साधी, दबकत चालणारी, मध्येच वळून मागे बघणारी. इतकं देखणं काही मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. म्हणजे हे होतं याच्याकडे! हे असं सोनं मनात तयार असताना हा ते गिळून गप्प बसायचा, आणि का, तर रेग्याला बिचाऱ्याला चार सूर वाजवायला मिळावेत म्हणून. तीस वर्षं मी ज्याला मान समजत होतो, ती दया होती तर.

"सर, एक सांगते," डॉ. वर्टी म्हणाल्या. त्या माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या. "मेंदूत हालचाल तयार झाली आणि थांबली, एवढंच जाळीला कळतं. का तयार झाली, का थांबली, ते कळत नाही. याला त्यांची इच्छा म्हणायची घाई करू नका."

"बाई, मी त्याच्या शेजारी तीस वर्षं उभा होतो," मी म्हटलं. "मला कळतं."

बाहेर चहाच्या टपरीवर शमू म्हणाला, "अच्या, ह्याच्यावर एकदा तुझा बास लावून ऐक की. त्या दिवशी तू तिथं काय वाजवत होतास ते तरी बघ."

"काय वाजवणार? धुम, धुम. ते त्या ओळीवर ऐकू? लाज वाटते रे मला."

"लाज कसली डोंबलाची? ऐकायला काय पैसे पडतात?"

मी ऐकलं नाही. शमूचंही नाही आणि बासही नाही.

अल्बमला ऑस्टिनच्या बायकोची, फिलोमिना वहिनींची परवानगी लागणार होती. मी निर्मळला गेलो. त्या शाळेत मराठी शिकवायच्या, आता निवृत्त. मागच्या पडवीत वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, "रेगेभाऊ, एक कळत नाही. त्याने जे वाजवलं नाही, ते आपण का वाजवायचं?"

"वहिनी, त्याने ते माझ्यासाठी सोडलं. मोठ्या मनाचा होता. पण आता तो नाही, तर निदान त्याचं त्याला परत द्यायला नको का? लोकांना कळू दे तो केवढा होता."

"त्याला आवडलं असतं?"

"आवडलं असतं," मी म्हटलं.

वहिनींनी सोललेले दाणे ताटलीत टाकले. "घरातला पियानो तो गेल्यापासून कोणी उघडला नाही," त्या म्हणाल्या. "मला त्याचं काहीतरी नवं ऐकायला मिळेल, या लोभाने मी हो म्हणतेय, हे मला कळतंय. पण तुम्ही म्हणताय म्हणून म्हणते. मला यातलं काय समजतं?" आणि त्यांनी फोनवर परवानगीचा अंगठा टेकवला.

ध्वनिमुद्रणाच्या दिवशी मी बास घेऊन निघालो. बिनचालकाची गाडी बोलावली होती. तिने बासला प्रवासी समजून "मागील प्रवाशाने कृपया पट्टा लावावा" असा धोशा लावला, आणि शेवटी मी बासला पट्टा बांधला तेव्हा कुठे ती हलली. स्टुडिओत पोचेपर्यंत माझं डोकं फिरलं होतं. तिथे रिकाम्या स्टुलासमोर पियानो, काचेच्या खोलीत शमू आणि मध्ये मी.

माझं ठरलं होतं. जिथे जिथे ऑस्टिन थांबायचा आणि मी वाजवायचो, तिथे आता मी थांबणार. त्याची जागा त्याला. बासवाल्याला बाजूला व्हायला कोणी शिकवावं लागत नाही. आमचा सगळा जन्म त्यातच जातो. गायकाला वाट द्या, सॅक्सोफोनला वाट द्या, पियानोला वाट द्या. मलाही त्या दिवशी वाट देताना फार थोर वाटत होतं. तारांवर तळवा ठेवून मी डोळे मिटले आणि ती ओळ एकट्यानं चालत गेली.

'पाणजू' संपल्यावर शमू काचेच्या खोलीतून बाहेर आला. त्याने काठ्या माझ्यासमोर टेबलावर आपटल्या.

"काय चाललंय तुझं?"

"त्याला वाजवू देतोय."

"अरे लेका, तो थांबायचा तवा तू वाजवायचास. आता तो वाजवतोय तर तू थांबलायस. मग तुम्ही दोघं भेटणार कवा?"

"शमू, ती ओळ ऐकलीस ना? तिच्यावर माझं धुम धुम घालू? बुद्धी शाबूत आहे ना तुझी?"

"माझी हाय," तो म्हणाला. "तुझं बघ."

पुढच्या सगळ्या चाली त्याने चोख वाजवल्या, पण माझ्याशी बोलला नाही. जाताना एवढंच म्हणाला, "अल्बमवर माझं नाव घाल. माझं मत मात्र ह्यात नाही, ते तुला ठाऊक असू दे."

अल्बम निघाला आणि काय सांगू, उचलून धरला लोकांनी! जी माणसं ऑस्टिन जिवंत असताना आमच्या मैफलीत बटाटेवडे चघळत गप्पा मारायची, त्यांना आता त्याच्यात खोली दिसायला लागली. एका समीक्षकाने लिहिलं की बासवादक रेगे यांनी दाखवलेला संयम हाच या अल्बमचा आत्मा आहे. वाजवल्याबद्दल माझं कधी कोणी कौतुक केलं नव्हतं. न वाजवल्याबद्दल झालं. मी ते वाक्य चारचारदा वाचलं. खोटं कशाला बोलू, छाती फुगली.

ऑस्टिनला जाऊन वर्ष झालं, तेव्हा चर्चमधल्या मिस्सेच्या प्रार्थनेला आम्ही निर्मळला गेलो. शमू आला होता, पण माझ्यापासून दोन बाकं सोडून बसला. मिस्सा झाली, कबरीवर फुलं वाहून झाली, पाहुणे जेवून पांगले. मग वहिनी म्हणाल्या, "मी अजून अल्बम ऐकलेला नाही. तुम्ही दोघं असताना ऐकायचा म्हणून ठेवला होता." त्यांनी 'पाणजू' लावलं.

त्या खिडकीकडे तोंड करून ऐकत होत्या. पहिली जागा आली, ती ओळ निघाली. मी वहिनींकडे बघत होतो. आता यांच्या डोळ्यांत पाणी येईल, असं मला वाटत होतं. त्यांच्या कपाळावर आठी पडली. दुसऱ्या जागेला त्यांनी मान तिरकी केली, हरवलेलं काही शोधताना करतात तशी.

"रेगेभाऊ," चाल संपल्यावर त्या म्हणाल्या, "हा कोणाच्या मागून चाललाय?"

"म्हणजे?"

"लग्न झाल्यावर आम्ही संध्याकाळी तळ्याकडे फिरायला जायचो. हा कधी पुढे चालायचा नाही, बरोबरीनेही नाही. अर्धं पाऊल मागे. मी वळले की हा वळणार, मी थांबले की हा थांबणार. मला राग यायचा. म्हणायचे, अरे, बरोबर चाल ना! तर म्हणायचा, मागून नीट दिसतेस. इथे तो तसाच चाललाय. अर्धं पाऊल मागे. पण पुढे कोणीच नाही."

शमूने माझ्याकडे बघितलं नाही. त्याला बघायची गरजच नव्हती. त्या जागेत ऐकू यायचा तो माझा बास.

मी तसाच डॉ. वर्टींना फोन लावला. कंपनीकडून जुन्या मैफलीचा माझा बास मागवा म्हटलं, आणि मेंदूच्या नोंदीशेजारी ठेवून बघा, कोण आधी आहे आणि कोण नंतर. बाई म्हणाल्या, "हे आम्हीच आधी करायला हवं होतं."

आठवड्याभराने मी पुण्यात होतो. पडद्यावर दोन रेघा होत्या, खाली माझा बास, वर ऑस्टिनची ती अडवलेली ओळ. माझा सूर उठला की निमिषभरानं वर त्याचा उठायचा. दर वेळी. माझा आधी, त्याचा मागून.

"वाजवणारा माणूस ऐकतो ना, सर," डॉ. वर्टी हळू आवाजात म्हणाल्या, "तेव्हा तो नुसत्या कानानं ऐकत नाही. बोटं हलवणारा मेंदूचा भागही जागा होतो. जे ऐकू येतंय ते तो मनातल्या मनात वाजवत असतो. नर्तक नाच बघतो तेव्हाही असंच होतं. ही जाळी नेमकी त्याच भागावर होती." त्यांनी चष्मा काढून पुसला. "ऑस्टिन सरांनी तिथे काही दाबून ठेवलेलं नव्हतं. ते ऐकत होते. तुम्हाला. आम्ही अल्बमवर जे वाजवलं, ते त्यांचं ऐकणं आहे."

"पण ती ओळ... ती ओळ इतकी सुंदर..."

"तुमचीच आहे, सर. दोन सप्तकं वर. कडेकडेनं त्यांनी थोडी नक्षी काढलीय, एवढंच."

मी खुर्चीत बसलो. बासवाला आपले सूर कायम खालून, पोटातून ऐकतो. ते वर, उजेडात नेऊन ठेवले तर त्याला ओळखू येणार कसे? ज्या सुरांपुढे मी लाजेनं मान खाली घातली ते माझे होते. ती दया नव्हती. तो खरोखरच हात मांडीवर ठेवून, जीव लावून माझं ऐकत होता, तीस वर्षं. याहून मोठं काही मला आयुष्यात मिळालेलं नव्हतं. आणि मी काय केलं? मी त्यातून मला काढून टाकलं. आता जगभर लोक एका माणसाचं ऐकणं ऐकताहेत, आणि तो कोणाचं ऐकतोय ते त्यात कुठेच नाही.

मी कंपनीच्या गोड आवाजाच्या बाईंना फोन केला, अल्बम मागे घ्या म्हणून विनवलं. निदान बास घालून पुन्हा काढा. त्या खरोखर हळहळल्या. म्हणाल्या, "पण सर, लोकांना तो असाच आवडलाय. आता जाळी बसल्यानंतरचे सगळे अल्बमही फाटक उतरवून पुन्हा काढायचं वरच्या साहेबांनी ठरवलंय." आणि काढलेही. परवा एका संगीतशाळेत मला पाहुणा म्हणून बोलावलं होतं. एका हुशार मुलीनं ऑस्टिनची चाल वाजवून दाखवली. एकही जागा मोकळी नव्हती. सगळीकडे सुंदर सुंदर सूर भरलेले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. त्या पोरीचा काय दोष?

शमूला मी सगळं सांगितलं. मला वाटलं, शिव्या घालेल. त्याने घातल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं. नुसता म्हणाला, "असू दे. चल, चहा घेऊ."

वहिनींना सांगणं अवघड होतं. शेवटी फोन लावला.

"वहिनी, तुम्ही विचारलं होतंत ना, तो कोणाच्या मागून चाललाय. पुढे मी होतो."

त्या म्हणाल्या, "मग तुम्ही गेलात कुठे?" आवाजात राग नव्हता, शाळेतल्या बाईंनी विचारावं तसं त्या विचारत होत्या.

त्यानंतर मी घरी बसून त्या मैफलीतला माझा बास ऐकला. त्या दिवशी जे जे वाजवलं होतं ते एकेक सूर करून पाठ केलं. आम्ही लोक वाजवलेलं पुन्हा तसंच कधी वाजवत नाही. जाझमध्ये ते केलं तर लोक तोंडावर हसतात. पण मी शाळकरी पोरासारखं घोकलं. मग बासला गाडीत घालून, पट्टा बांधून, पुण्याला गेलो.

डॉ. वर्टींनी पियानो लावून दिला आणि कोपऱ्यात जाऊन बसल्या. दुपारची वेळ होती, खिडकीतून रिकाम्या स्टुलावर ऊन पडलं होतं. 'पाणजू' सुरू झालं. पहिली जागा आली आणि या वेळी मी वाजवलं. माझा सूर गेला, आणि लगेच वरून त्याचा आला. मी उतरलो, तो उतरला. मी रेंगाळलो, तो रेंगाळला. अहो, तो होता! मी किती सुंदर वाजवतोय हे तो मला वरून सांगत होता. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मला पुसायला हात मोकळा नव्हता. मला वाटलं, हे एवढं पुरे आहे मला. रोज यावं, रोज वाजवावं.

दुसरी जागा आली. आणि त्या आनंदात, जुन्या सवयीनं, त्याची फिरकी घ्यावी म्हणून मी एक सूर बदलला. जिथे खाली उतरायचं होतं तिथे वर चढलो.

पियानो खाली उतरला.

"ऑस्टिन," मी मोठ्याने म्हटलं, "अरे, इकडे."

तो खालीच उतरत गेला, त्याच त्या वळणांवरून, मी त्या जुन्या मैफलीत जसा गेलो होतो तसा. अर्धं पाऊल मागे राहून तो कोणाच्या तरी मागून चालला होता, आणि तो माणूस मी नव्हतो.

चाल संपली. डॉ. वर्टींनी विचारलं, "सर, पुन्हा लावू?"

मी नको म्हटलं.